केकवरचा ध्वज

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी वेडी आहे का?" आणि मी हसून विषय बदलला. आई शेजारी बसली होती, तिने लगेच ओळखलं की मला उत्तर सुचलेलं नाही. तीन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून हे पत्र. फोनवर मी नीट बोलत नाही, तुला माहीत आहेच.

तू सांगितलेला प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. डेन्मार्कमधलं तुझं ऑफिस, कुणाचा तरी वाढदिवस, केकमध्ये टूथपिकला चिकटवलेले लाल-पांढरे कागदी ध्वज. केक संपला आणि क्रीम लागलेले ते ध्वज ताटल्यांसकट कचऱ्यात गेले. तू हळूच एक उचललास, टिश्यूने पुसलास आणि पाकिटात ठेवलास. ते पाहून सगळे हसले. वाईट हसले नाहीत, असं तूच म्हणालीस. पण हसले.

पहिली प्रतिक्रिया माझीही तुझ्यासारखीच झाली. ध्वज, आणि केकमध्ये? मग म्हटलं, आपल्याला असं का वाटतं ते तरी शोधू.

माझं पहिलं उत्तर सोपं होतं. आपला ध्वज मार खाऊन मिळालाय. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला, तेव्हा नुसता झेंडा घेऊन रस्त्याने चाललं म्हणून माणसं तुरुंगात गेली. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा धरून मिरवणुकीत होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तो आणि त्याच्याबरोबरची चार मुलं गेली. तो सोळाचाही नव्हता. त्याच महिन्यात बंगालमध्ये तामलूकला मातंगिनी हाजरा गेल्या, सत्तरी ओलांडलेली बाई, त्यांच्याही हातात झेंडाच. असा इतिहास असलेलं कापड केकमध्ये खोचायला हात होत नाही. डेन लोकांचा ध्वज, दॅनेब्रोग, म्हणे १२१९ मध्ये लढाईत आकाशातून पडला. दंतकथाच ती. मी मनात म्हटलं, आयता मिळालेला ध्वज, म्हणून एवढा घरगुती.

हे उत्तर मला फार आवडलं होतं. मग वाचता वाचता कळलं की १८३४ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सामान्य माणसाला ध्वज लावायला बंदी घातली होती आणि ती उठली १८५४ मध्ये. म्हणजे त्यांनाही तो वीस वर्षं मना होता. परवानगी मिळाल्यावर त्यांनी काय केलं? घरात आणला. अंगणात काठी रोवली, ख्रिसमसच्या झाडावर माळा सोडल्या, वाढदिवसाला टेबलावर ठेवला. माझा सिद्धांत तिथेच गळपटला.

आणि आपल्याकडे? स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही कितीतरी वर्षं, ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर, तुला-मला घरावर तिरंगा लावता येत नव्हता. तो कचेऱ्यांवर, मंत्र्यांच्या गाड्यांवर. उद्योगपती नवीन जिंदल टेक्सासमध्ये शिकायला होते. तिथे घरोघरी ध्वज पाहून आले आणि रायगढच्या आपल्या कारखान्यावर त्यांनी तिरंगा लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. २००२ च्या प्रजासत्ताकदिनी नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा भाग आहे. म्हणजे तुझा जन्म झाला तेव्हा तुझ्या बापाला वर्षभर घरावर तिरंगा लावायची मुभा नव्हती. जे साहेबाच्या टेबलावरच पाहिलं, त्याला हात लावताना माणूस आधी हात पुसतो. आपल्या आदरात शिरीषकुमार किती आणि कचेरी किती, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही आहेत एवढं खरं.

कचेरीचं मी बोलू शकतो, कारण एकोणीस वर्षं आमच्या कचेरीतला झेंडा माझ्याकडे होता. घडी कशी घालायची ते बोटांना पाठ आहे: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली, मग पांढरा दोन्ही बाजूंनी आत, म्हणजे वर फक्त चक्र आणि दोन रंगांची कड दिसते. ती घडी दोन तळहातांवर न्यायची. फडकवायच्या ध्वजात फुलांच्या पाकळ्या घालून सरकगाठ मारायची, ती एका झटक्यात सुटली पाहिजे. एका वर्षी सुटली नाही. साहेबांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, वर नुसतं गाठोडं. खाली सगळे ताठ उभे आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. शिपायाने शिडी आणली. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर दर सव्वीस जानेवारीच्या आधी आठवडाभर मी बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर उशीच्या अभ्र्याने सराव करायचो. तू चार वर्षांची असशील. अभ्रा उलगडला की तू फ्रॉकमध्ये टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकायचीस. आईला हसू आवरायचं नाही, पण तुला कधी कुणी हसलं नाही.

जगात या बाबतीत दोन घरांचं पटत नाही. ब्रिटिश माणूस युनियन जॅकची पायपुसणी दारात टाकेल, मोजे घालेल, त्याला काही वाटणार नाही. तिरंग्याची पायपुसणी एका ऑनलाइन कंपनीच्या कॅनडातल्या साइटवर २०१७ मध्ये दिसली, तेव्हा सुषमा स्वराज यांनी व्हिसा बंद करू म्हणून सुनावलं आणि ती खाली उतरली. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, लपवत नाही. सौदी अरेबियाच्या ध्वजावर कलमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, आहे, म्हणून तो शोकातही अर्ध्यावर उतरवत नाहीत. २००७ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याने मुलांना खूश करायला फुटबॉल टाकले, त्यांवर इतर देशांबरोबर हाही ध्वज छापलेला. पवित्र अक्षरांना लाथ मारायची? लोक रस्त्यावर आले, सैन्याला माफी मागावी लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं बघ. जर्मन माणसाला तर बराच काळ ध्वज बाहेर काढायचाच संकोच होता, २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात गाड्यांवर, खिडक्यांत सर्रास ध्वज लागले तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

अमेरिकेचं वेगळंच. १९८४ मध्ये डॅलसला ग्रेगरी ली जॉन्सनने निषेध म्हणून ध्वज जाळला. १९८९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला सोडलं. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या म्हणण्याचा आशय असा, की विटंबना करणाऱ्याला शिक्षा केल्याने ध्वज पवित्र होत नाही, उलट ज्या स्वातंत्र्याचं तो चिन्ह आहे ते पातळ होतं. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ब्रेनन यांचं मला पटतं, पण ध्वज पेटलेला समोर पाहिला तर पटेल की नाही, शंकाच आहे. डेन्मार्कमध्ये तर गंमत आहे. स्वतःचा ध्वज जाळला तर गुन्हा नाही, दुसऱ्या देशाचा जाळला तर गुन्हा. मला हे पाहुण्याच्या ताटासारखं वाटतं: आपल्या ताटात काय सांडायचं ते सांडा.

आणि हसणाऱ्या तुझ्या डेन लोकांना एकदा सूर्यास्ताला बघ. अंगणातला ध्वज अंधार पडायच्या आत उतरवतात, जमिनीला टेकू देत नाहीत. आपण २०२२ पासून रात्रभर ठेवायला मोकळे झालो. मग कोण जास्त काटेकोर?

आता माझं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगे लागले. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा तसाच राहिला. पावसाने भिजला, कड फाटली, ऑक्टोबरात एक पट्टी ग्रिलमध्ये अडकून लोंबत होती. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटोसकट लिहिलं, बरंच लिहिलं, कायद्याचं कलमही टाकलं. दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली, मला चढलं. आई म्हणाली, "दोन जिने चढून सांगता आलं असतं." संध्याकाळी त्या घरातल्या आजी स्वतः खाली आल्या. ध्वज धुतलेला, इस्त्री केलेला, पण घडी चादरीची. म्हणाल्या, "मुलगा गावाला आहे, माझा हात ग्रिलपर्यंत पोचत नव्हता. तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच काय ते करा." त्या घरात मी आजही मान वर करून जात नाही.

मग मी सगळ्या मजल्यांवर फिरून जुने ध्वज मागून घेतले. चार निघाले. पाचवा आपला, २००४ च्या निकालानंतर घेतलेला खादीचा. तो आता इतका विरला होता की चक्रातून उजेड दिसायचा. फाटका ध्वज एकांतात, मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा असं संहिता सांगते. अमेरिकेचा नियमही जाळण्याचाच. जॉन्सनने केलं तेच, फक्त मनात दुसरं काही ठेवून. पहाटे गच्चीवर घमेलं नेलं. खादी छान जळली, कागदासारखी, चिमूटभर मऊ राख राहिली. बाकीचे चार पॉलिस्टरचे. २०२१ च्या दुरुस्तीने ते चालतात. ते जळेनातच, सई. आकसले, वितळले, काळे थेंब टपकायला लागले, वास तर विचारू नकोस. मी टाचा जुळवून उभा होतो आणि खोकत होतो. निवल्यावर पाहिलं तर तळाला एक काळा, चकचकीत पोपडा घट्ट चिकटलेला. उलथन्याने खरवडायला बसलो, मग वाटलं, हे खरवडणं कोणत्या नियमात बसतं?

तुझा तो क्रीम पुसलेला ध्वज पाकिटातच असेल तर राहू दे. कागद मऊ पडेल आणि एक दिवस पावत्यांबरोबर निघून जाईल.

घमेलं गच्चीच्या कोपऱ्यात अजून आहे. आईला ते कुंडीखाली ठेवायला हवंय. मी देत नाही, आणि ती का म्हणून विचारत नाही.

तुझा,
बाबा