तपासणीची अट आम्ही सोडणार नाही

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, घर विकत घेण्याआधीच्या एका तपासणीपायी चांगली घरे हातची जात असतील तर ती अट सोडून का देत नाही, असे तुम्ही विचारलेत आणि बोली वाढवण्यासाठी मुदतठेव मोडून पैसे पाठवण्याची तयारीही दाखवलीत. दोन्ही गोष्टींना माझे उत्तर नाही असेच आहे, आणि त्याची कारणे तुम्हा दोघांना नीट कळावीत म्हणून हे पत्र.

येथे शनिवार-रविवारी लोक घर पाहून जातात आणि सोमवार-मंगळवारपर्यंत लेखी बोली द्यावी लागते. बोलीत रकमेइतकेच अटींना महत्त्व असते. तपासणीत मोठा दोष निघाला तर अनामत परत घेऊन मागे फिरता येईल, ही त्यातली एक अट. २०२१ च्या सुमारास गृहकर्जाचे व्याज तीन टक्क्यांच्या आसपास उतरले, एकेका घरावर बोलींची रीघ लागली आणि ही अट सोडून देणे हा घर जिंकण्याचा सर्रास मार्ग झाला.

पुण्यात फ्लॅट घेताना आपण वकिलाकडून मालकीचा शोध घेतो. इमारतीचा पाया किंवा गच्ची बिघडली तर खर्च सोसायटीत वाटला जातो, आणि इमारत नवी असेल तर रेरा कायद्याने बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे बिल्डरवर राहते. येथे मात्र छपरापासून सांडपाण्याच्या नळापर्यंत सारे एकट्या मालकाचे. त्यातून या राज्यात शिसे मिसळलेला जुना रंग आणि सेप्टिक टाकी यांसारख्या मोजक्या बाबी सोडल्या, तर घरातील दोष आपण होऊन सांगण्याचे बंधन खासगी विक्रेत्यावर नाही.

पायाचीच गोष्ट घ्या. शेजारच्या कनेक्टिकट राज्याच्या ईशान्य भागात आणि लगतच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८३ नंतर बांधलेल्या हजारो घरांच्या काँक्रीटमध्ये पायरोटाइट नावाचे खनिज असलेली खडी गेली. हवा आणि पाणी लागले की ते खनिज फुगते, आणि दहा-वीस वर्षांनी पायाच्या भिंतींवर नकाशासारख्या भेगा उमटून काँक्रीट हाताने भुगा होण्याइतके ठिसूळ होते. त्याला डागडुजी नाही. संपूर्ण घर उचलून धरून खाली नवा पाया घालावा लागतो. हा खर्च दीड लाख डॉलरच्याही वर जाऊ शकतो आणि नेहमीचा घरविमा तो बहुधा देत नाही. तपासनीस भिंती फोडून पाहत नाही, प्रयोगशाळेतील चाचणी वेगळी करावी लागते, हे खरे. परंतु तळघरातील अशा भेगा त्याच्या नजरेला पडतात, रविवारच्या गर्दीत पंधरा मिनिटे घर पाहणाऱ्या आम्हाला त्या दिसणार नाहीत. एवढ्या मोठ्या व्यवहारात पाच-आठशे डॉलरची ही फी मला मुळीच जास्त वाटत नाही.

आई, तुझ्या नातीसाठी तर मी याबाबत अधिकच आग्रही आहे. १९७८ पूर्वीच्या घरांत लहान मुलांना विषारी ठरणारा शिशाचा रंग असू शकतो, आणि सहा वर्षांखालील मूल अशा घरात राहत असेल तर तो धोका दूर करण्याची कायदेशीर जबाबदारी येथे मालकावर असते. ही चाचणी सर्वसाधारण तपासणीहून वेगळी असते. तीही आम्ही करून घेणार आहोत.

समाधानाची बाब म्हणजे १५ ऑक्टोबर २०२५ पासून या राज्यात नवा नियम लागू झाला आहे. तपासणीचा हक्क सोडलात तरच बोली स्वीकारू, असे आता विक्रेत्याला किंवा त्याच्या एजंटला म्हणता येत नाही, आणि तपासणी करणार नाही असे आधी कळवणाऱ्या ग्राहकाची बोली, काही अपवाद वगळता, स्वीकारताही येत नाही. बोली मान्य झाल्यावर आपल्या मर्जीने तपासणी न करण्याची मोकळीक ग्राहकाला अजून आहे, पण निदान आमच्यासारख्यांना आरंभीच बाजूला सारले जाणार नाही. हा नियम फार पूर्वी व्हायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

आम्ही आमच्या बाजूने एवढेच सोपे करणार आहोत की बोली मान्य होताच थोड्या दिवसांत तपासणी उरकू आणि गळका नळ, तुटकी कडी असल्या किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही. पाया, छप्पर, वायरिंग किंवा सांडपाण्याची वाहिनी यांत मोठा बिघाड निघाला तरच माघार घेऊ.

म्हणून बाबा, ठेव मोडू नका. रक्कम वाढवून मिळालेल्या घरातही पाया तपासावा लागेलच, आणि ते पैसे तुमच्या औषधपाण्यासाठी आहेत. घर ठरेपर्यंत उन्हाळ्यातले येणेही लांबवू नका. सध्याच्या भाड्याच्या घरात तुमच्यासाठी खोली आहे, तिकिटे आताच काढावीत.

तुमची लेक