तेविसाव्या मजल्यावरचा पॅसेज

नागपूर

ती. आई-बाबांस,
सा. न.

उद्या-परवा कुरिअरवाला एक मोठं चपटं खोकं घेऊन येईल. परत पाठवू नका, कॅरम बोर्ड आहे. बाबा, रागावण्याआधी पत्र पूर्ण वाचा. आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

झालंय असं, की सावंतांच्या पिंट्याला आणि त्याच्या टोळक्याला मी सांगून टाकलंय, रोज संध्याकाळी 6 ते 8 आमच्याकडे बसत जा. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि आपल्या घरात बघू म्हणजे काय ते तिघांनाही ठाऊक आहे.

गणपतीत आले होते तेव्हा एकदा लिफ्ट येईना म्हणून जिन्याने उतरत होते. रेफ्यूजच्या, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला ठेवलेल्या मजल्यावर ही पोरं अंधारात मोबाइल लावून बसलेली. मला बघून उठलीच, चोरी पकडल्यासारखी. आधी लॉबीत बसायची, तिथून वॉचमनने उठवलं. मग समोरच्या जुन्या चाळीच्या जिन्यावर. ती चाळ रिकामी झाली, पत्रे लागले. आता इथूनही हाकलतात. कमिटीचं चूक नाही म्हणा, आग लागली तर तो मजला मोकळाच हवा. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी बसायचं कुठे? जांबोरी मैदान आहे, पण अंधार पडल्यावर तिथे मुलगेच. आपल्या मजल्यावरच्या त्या दोघी कुठे असतात विचारलं, तर म्हणे, "त्या आता घरातच असतात, ताई."

ते मला लागलं.

आपल्या जुन्या बीडीडी चाळीच्या पॅसेजला मी काय कमी शिव्या घातल्यात? मजल्याला 20 खोल्या, चाळीत 80, आणि 160 फुटांत आपण सहा जण. पण दहावीचा अभ्यास तिथेच झाला ना. ट्यूबखाली चटई, मी आणि बेबी, आणि टोकाला संडासाची रांग. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस "झाला का गं अभ्यास?" विचारायचा. जीव नको व्हायचा. त्या माणसांमुळेच आम्हा मुलींना रात्री 11 पर्यंत दाराबाहेर बसता येत होतं, हे कळायला पंचेचाळिशी उजाडली. आणि बाबा, रातपाळीला निघायच्या आधी तुम्ही खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचात. पान एकदाही उलटायचं नाही. मला दिसायचं हो.

जुनं परत आणा असं मी म्हणत नाही. 500 फुटांचं घर, आईला रात्री गुडघे धरत पॅसेजच्या टोकापर्यंत जायला लागत नाही, ह्याहून मोठं काही नाही. पण आई, चावी मिळाल्यावर महिन्याभरातच तू फोनवर म्हणालीस, "दार लावलं की आत कोण आहे, कोण नाही, काय कळतंय?" तेव्हापासून मला नीट झोप नाही. तू दाराला वरवंटा लावून ठेवतेस तेही पाहिलंय. वाऱ्याने दार आपटतं, वरवंटा घरंगळतो, आणि तू पुन्हा वाकून लावतेस. बाबा लिफ्टमध्ये ओठांनी मजले मोजतात. मी इथून काय करणार? बदलीचा अर्ज केलाय, पण मार्चआधी काही हलत नाही. ही पोरं म्हणजे माझ्याऐवजी, असं मनात आणू नका. माझ्याऐवजी कुणी नाही, मी येतेच आहे.

त्या दोघींच्या आयांना मी फोन केला. "आजी आहेत ना घरात, मग जाऊ दे," म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं असायचं आहे.

आता नीट ऐका. आई, सगळ्यांना चहा करायचा नाही. तू करशील, म्हणून बजावते. वाटीभर शेंगदाणे खूप झाले. तुझी मालिका लागली की पोरांना आतल्या खोलीत पाठवायचं. बाबा, संपाची गोष्ट एकदा सांगितलीत तर चालेल, रोज नको. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरलात तर पिंट्या विचारणार आहे, त्याला तेवढं काम दिलंय. संपायच्या आत नवी पट्टीही तोच आणेल, त्याला पैसे द्या, "राहू दे आजोबा" म्हणाला तरी. लिफ्टमध्येही बरोबर न्या कुणाला तरी. आणि 8 म्हणजे 8, अभ्यास आहे त्यांना.

नाताळापर्यंत करून बघा. त्रास वाटला तर मला सांगा, पोरांना मीच सांगेन, तुम्हाला वाईट व्हायला नको. पण आठवडाभर तरी काही बोलू नका, बाबा. प्लीज.

तुमची,
मनू

ता. क. खोक्यात बोरिक पावडरचा डबा आहे. आई, तो पिठाच्या डब्याशेजारी ठेवू नकोस.