आधी मीटर, मग टर्बो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या पेट्रोल इंजिनाला कमी खर्चात टर्बो कसा बसवावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा.) भंगारातला टर्बो, वेल्डिंग करून केलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर टर्बोकडे नेणारे पाइप), मोठे इंजेक्टर आणि दोन-चार पाइप एवढ्यावर लेखकांनी काम भागवलं आहे. त्यांची हौस खरी आहे, याबद्दल शंका नाही. पण 'टायमिंग थोडं पुढे घ्या, आणखी ताकद मिळेल', म्हणजे ठिणगी आणखी लवकर पाडा, हे वाक्य वाचल्यावर हातातला चहा खाली ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

मी २२ वर्षं इंजिनांचं बोअरिंग-होनिंग, म्हणजे सिलिंडर कापून-घासून मापात आणायचं काम, करते. लोकांनी हौसेने बांधलेली इंजिनं माझ्याकडे येतात ती बहुधा खोक्यात भरून, सुटी. दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचंच सांगते.

चार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भाच्याने १६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो बसवला. टर्बो वापरलेलाच होता. घेताना शाफ्ट हलवून पाहिला. आडवा किंचित हलत होता. तो तेलाच्या थरावर तरंगतो, तेव्हा तेवढा हलायलाच हवा. पुढे-मागे मात्र बोटाला जाणवेल इतका हलता कामा नये, आणि पाती घराला घासलेली नसावीत. आमचा या परीक्षेत पास झाला. इंजिन बांधून चालू केलं, तर मागून निळा धूर! टर्बोचा सील गेला म्हणून आम्ही तो उघडला, दुरुस्तीचा किट आणून बसवला. पुन्हा तोच धूर. टर्बोत रबरी ऑइल सील नसतोच. पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते, आणि तेल साचलं नाही तरच ती ते अडवू शकते. आमची तेल परत नेणारी नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती. ती रुंद हवी, सरळ उताराची हवी आणि सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वरच उघडायला हवी. नळी कापून आखूड केली, धूर गेला. किटचे पैसे गेले ते गेलेच.

ही झाली हलकी चूक. जड चूक पुढे आहे.

हिशेब करताना वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा, आणि त्याचा मीटर 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून मागे ठेवला. त्या पैशांत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे पाय उचलला की जादा हवा फुस्सकन सोडणारा, आणला. "मावशी, आवाज आला पाहिजे," असं भाच्याचं म्हणणं होतं. आवाज आला. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, ०.७ बार ठेवला होता. तिसऱ्याच दिवशी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. हेड उतरवलं, पिस्टन काढला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड, जिला आम्ही रिंग लँड म्हणतो, तुटलेली.

पहिला संशय माझ्या स्वतःच्या कामावर घेतला. टर्बोच्या इंजिनात वरची रिंग जास्त तापते आणि वाढते. तोंडाशी फट कमी ठेवली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि कड तोडतात. बोअर ८१ मिलिमीटर, फट मी ०.४५ मिलिमीटर ठेवली होती, बारीक कानशीने घासून, फीलर गेजने मोजून. टोकं भिडलेली असती तर ती चकचकीत दिसली असती. ती काळीच होती. मग स्पार्क प्लग पाहिला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके, त्यांत ॲल्युमिनियमचे चमकते कण. म्हणजे नॉकिंग, मिश्रण नीट जळण्याऐवजी स्वतःच भडकणं. पिस्टन आतून हातोडा मारल्यासारखा ठोकला गेला होता.

कारण सापडलं ते हास्यास्पद होतं. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या पाइपांमधून) येणारी बारीक रबरी नळी बूस्टच्या दाबाने निसटली होती. तिला क्लिप लावलीच नव्हती. इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडेल ते रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब आणि मॅनिफोल्डमधला दाब यांच्या फरकावर ठरतं. रेल ३ बार, मॅनिफोल्ड ०.७ बार, नळी जागेवर असती तर रेलचा दाबही तेवढाच चढला असता. ती नसल्याने फरक उरला २.३ बार. पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने पडतं, म्हणजे सुमारे १२ टक्के कमी. एका भाग पेट्रोलला १२ भाग हवा असं प्रमाण आम्ही ठरवलं होतं, ते १३.७ वर गेलं. गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच नीट बोलतो. १२ आणि १३.७ दोन्ही त्याला सारखेच 'पेट्रोल जास्त' वाटतात. वाइडबँड मीटर असता तर ॲक्सिलरेटर दाबताच आकडा चढताना दिसला असता आणि पाय आपोआप उचलला गेला असता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कमी पैशांत टर्बो करायचा तर खरेदीच्या यादीत पहिलं नाव त्या मीटरचं असावं, टर्बोचं नंतर. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आता टायमिंगचं. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश, बूस्ट ०.७ बार आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १०० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर (ही हवा गार करणारा रेडिएटर) तिचं तापमान खाली आणतो, पण सिलिंडरमध्ये मिश्रण दाट असतं आणि लवकर जळतं. अशा वेळी ठिणगी पुढे नाही, मागे घ्यायची असते. सुरुवातीला बूस्टच्या दर पौंडामागे (पीएसआय) एक अंश हा ढोबळ ठोकताळा चालतो, ०.७ बार म्हणजे सुमारे १० पौंड. पुढचं नॉकिंगची टकटक ऐकून कानाने ठरवायचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कान झाकणाऱ्या इअरमफमध्ये घुसवा. शेजारी बसलेल्याने ऐकायचं, चालवणाऱ्याने नाही. आणि हे बंद मैदानात.

उष्णतेपुढे मोठमोठे कारखानेही नमले आहेत. ॲल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, पण टर्बोच्या प्रवासी गाड्या बाजारात यायला १९६२ उजाडलं. त्यांतल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं. नॉकिंग रोखायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारत; त्याची टाकी मालकाने भरत राहायची. मालक विसरत. पुढे कंपनीने अनेक गाड्यांवरचे टर्बोच उतरवून दिले.

कंजुषी कुठे चालते, तेही सांगते. दुसऱ्या टर्बो गाडीचा ओतीव मॅनिफोल्ड भंगारात मिळाला तर वेल्डिंगच्या पाइपांपेक्षा तो कधीही बरा, सहसा तडकत नाही. इंटरकूलर वापरलेला चालतो, मात्र आतून दोनदा धुवा. आधीच्या टर्बोची पाती फुटली असतील तर तुकडे तिथेच बसलेले असतात. पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कंट्रोलर म्हणून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो घरी डाग देऊन जोडता येतो, भाच्याने जोडला. हेड गॅस्केट, हेड बोल्ट आणि रिंग मात्र नव्या. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), त्याची फट ०.७ मिलिमीटरच्या आत. वेस्टगेटची, म्हणजे बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेची, स्प्रिंग हलकी घ्या आणि ०.४ बारवरच आधी सगळं जुळवा. बूस्ट वाढवायचा मोह होईल. आम्हालाही झाला होता.

आमचं इंजिन पुन्हा बांधलं ते चारही नवे पिस्टन, तोच टर्बो आणि दोन क्लिपांनी बांधलेली ती नळी घेऊन. मीटर डॅशबोर्डवर आहे. तुटलेला पिस्टन माझ्या टेबलावर बिलं दाबायला ठेवला आहे.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं खाली छापलं आहे. त्यात निदान टायमिंगबद्दलची दुरुस्ती यावी, ही विनंती.

आपली,
इंजिन बोअरिंग करणारी एक वाचक

ता. क. : लेखासोबतच्या आकृतीत टर्बोची तेल परत नेणारी नळी खाली जाऊन पुन्हा वर वळलेली दाखवली आहे. लेखकांना सध्या निळा धूर दिसत असेल, तर किट आणू नये.