मनू, पंधरा की पन्नास?

चि. मनू,

काल तू ऑफर लेटरचा फोटो पाठवलास, आईने दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, शेजारी ऐकू जावं म्हणूनच बहुतेक. चाकणला, परचेस डिपार्टमेंट. म्हणजे तू आता टेबलाच्या त्या बाजूला बसणार. मी 22 वर्षं भोसरीत आपल्या लेथच्या शॉपमध्ये बसून त्याच, माल घेणाऱ्यांच्या बाजूच्या मेलची आणि फोनची वाट बघत आलोय, त्यामुळे फोनवर नुसतं 'छान छान' म्हणून ठेवला तरी डोक्यात बरंच काही चालू होतं, ते लिहितोय. लांबलं तर सांभाळून घे.

तुला ती बुशची, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांची, भानगड अर्धवट माहितीये, तू तेव्हा नववीत होतीस. त्या दिवाळीला घरी कुणाला कपडे नाहीत एवढंच तुला आठवत असेल. झालं असं की 400 नगांची ऑर्डर होती, ड्रॉइंगवर बोअरचा टॉलरन्स प्लस 30 मायक्रॉन, म्हणजे आतलं भोक ठरल्या मापापेक्षा तेवढंच मोठं चालेल. एक दिवस कस्टमरच्या इंजिनिअरचा फोन आला, असेंब्लीला फिट लूज होतोय, आता फिफ्टीन ठेवा. शेजारी कंप्रेसर चालू, मी एका कानात बोट घालून ऐकतोय, आणि मला ऐकू आलं फिफ्टी. आता बघ, लूज होतोय म्हटल्यावर टॉलरन्स वाढवून कोण देईल? पण मला तेच ऐकायचं होतं ना, 50 मिळाले म्हणजे काम सोपं, इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, जरा जास्त चालवता येतो. 'हो हो साहेब, होऊन जाईल' म्हणालो आणि मशीनजवळच्या फळ्यावर खडूने 50 लिहिलं. त्यांनी सुधारलेलं ड्रॉइंग पाठवलं नाही, मी मागितलं नाही. माल गेला, तिकडे इन्स्पेक्शनला जो भोकात जायलाच नको तो नो-गो गेज सरळ आत जायला लागला, 260 नग रिजेक्ट, वर पैसे कापल्याची डेबिट नोट. भांडायला गेलो तर ते म्हणाले फोनवर सांगितलं होतं. सांगितलं होतंच की.

तेव्हापासून फोनवर आकडा आला की मी तो फोडून परत म्हणतो, 'एक पाच, पंधरा, बरोबर?' समोरचा कधी हसतो, कधी वैतागतो, पण थांबून ऐकतो. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला साठ तीन असं वाचायची पद्धत आणली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही जोक फॉरवर्ड केले होते, आणि त्याच दुपारी ऑपरेटरला ओरडून सांगत होतो 'छह तीन, तिरसठ!' आपल्या शॉपमध्ये मी मराठीत बोलणार, पोरं बिहार नाहीतर ओडिशाची, ड्रॉइंग इंग्रजीत, त्यात तुमच्या पिढीला एकोणसत्तर म्हटलं की 69 की 79 हे विचार करून सांगावं लागतं. तुला लागतंच, नाही म्हणू नकोस.

आणि 'समजलं का' हा प्रश्न विचारायचा सोडून दे. त्याला 'हो'च उत्तर येतं, मीसुद्धा तेच देत आलोय. मी आता ऑपरेटरला म्हणतो, बोल काय करणार आहेस. तो सांगायला लागला की पहिल्या दोन वाक्यांत कळतं गाडी कुठे घसरलीये. व्हेंडरला तू असं विचारलंस तर त्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटेल, मग असं म्हण, 'काका, मी बरोबर सांगितलं का बघा, तुमच्याकडे काय लिहून घेतलंय?' काका म्हटलेलं चालतं, भोसरीत अर्धे लोक काकाच आहेत.

तुम्हा लोकांच्या मेलबद्दल तर विचारूच नकोस. विषय काय, तर 'अर्जंट'. आत काय, तर 'ॲज डिस्कस्ड, प्लीज डू द नीडफुल'. अगं काय डिस्कस केलं, कुणाशी, कुठला पार्ट? मी तेव्हा लेथवर, घरी तुझी आई मेल उघडते, ती काय ओळखणार? बुधवारी संध्याकाळी सहाला मेल टाकतात की उद्या माल पाहिजे, गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते हे वर्षानुवर्षं माल घेणाऱ्यालाही लक्षात राहत नाही. तू असं लिही: पीओ (परचेस ऑर्डर) नंबर अमुक, बुश 400 नग, ड्रॉइंग रिव्हिजन सी, शुक्रवारी दुपारी 4 च्या आत गेटवर, इन्स्पेक्शन रिपोर्ट सोबत. बस. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, मराठीत लिहिलंस तरी माझ्यासारख्याचं काही अडत नाही.

ड्रॉइंगचा व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नकोस, पीडीएफ पाठव. फोटोत 3 चा 8 होतो, एकदा झालाय. आणि तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज तर अजिबात नको, महिन्याभराने त्यात कुठे काय बोललं होतं ते कोण शोधणार.

मला फार उशिरा कळलेली एक गोष्ट म्हणजे कायदासुद्धा लेखीलाच मानतो. 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा कायदा आहे, त्यात आपल्यासारख्या छोट्या युनिटचा माल घेतल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, आणि लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, नेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. व्याज कुणी मागत नाही हे वेगळं, मागितलं तर पुढची ऑर्डर कोण देईल. पण तू त्या बाजूला आहेस, रिजेक्शन असेल तर त्याच आठवड्यात लिहून कळव, दोन महिन्यांनी बिलातून कापून नको.

ऐकण्याचं मात्र मी नाही, आई शिकवेल. पेमेंटचे फोन तीच करते तुला माहितीये. बिल नंबर, तारीख, 'जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालंय साहेब, पेमेंट कुठल्या तारखेला धरू?' एवढं बोलते आणि गप्प बसते. पलीकडून 'सिस्टीममध्ये आहे मॅडम' येतं, ही गप्प. 'बघतो मी' येतं, तरी गप्प, हातातली भाजी निवडणं चालू. मग तो माणूस स्वतःच सांगतो की खरं म्हणजे फाइल अमक्याकडे अडकलीये, मंगळवारी सही होईल. मी असतो तर पहिल्या 'बघतो'लाच 'हो हो साहेब' म्हणून ठेवला असता. 'बघतो', 'करून टाकू', 'होऊन जाईल', या शब्दांवर मी अर्धं आयुष्य काढलंय, बोलणाऱ्यालाही बरं वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही, आणि ठरलेलं काहीच नसतं. तुझा व्हेंडर 'होऊन जाईल' म्हणाला की तारीख विचार, आणि तो गप्प झाला तर त्याला वेळ दे, बहुतेक त्याचं मशीन बंद पडलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते.

फळ्यावरचं ते 50 मी पुसलं नव्हतं, गेल्या वर्षी रंगकाम करताना पोरांनी पुसलं.

बरं, तुझा मेसेज आलाय 'येते एकदोन दिवसात'. आईने पुरणाची डाळ कधी भिजवायची? वार आणि वेळ लिहून कळव.

तुझा,
बाबा