चुड्याचा हिरवा तेवढा ठेवायचा

कासेल, जर्मनी
रविवार दुपार

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, तांदूळ मिळतो, तूरडाळ मिळते. आई, परवा व्हिडिओवर माझा चेहरा उतरलेला दिसला तो नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या फोन लावला म्हणून. आजारी नाही. तिखट अजून अर्धा डबा आहे, कुणाबरोबर पाठवायच्या खटपटीत पडू नका.

पत्र लांबलचक आहे, कारण अक्काच्या लग्नाच्या अल्बमात फोटो काळा-पांढरा करून तिचा हिरवा चुडा तेवढा रंगीत कसा ठेवायचा, हे आण्णाला फोनवर सांगितलेलं टिकत नाही. तो "हां हां, समजलं" म्हणतो आणि रात्री फोटो येतो तो नखशिखांत करडा. म्हणून आप्पा, आपल्या फोटो स्टुडिओत याची प्रिंट काढा, तुम्ही वाचा आणि त्याला शेजारी बसवून करून घ्या. तो माउस धरेल, डोळा तुमचा.

पण बर्फात खिडकी उघडी का होती ते आधी सांगते, नाहीतर आई पुढचं ऐकणार नाही. हो, बाहेर बर्फ होता. हो, खिडकी सताड उघडी होती. त्यात वेंधळेपणा काही नव्हता, इथं तसंच करतात. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाचेक मिनिटं थांबायचं आणि परत लावून घ्यायच्या. नुसती फट ठेवून चालत नाही. फटीनं भिंती गार होतात आणि हवा काही धड बदलत नाही. खिडक्या इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की आपल्या श्वासाचा, आंघोळीचा, कुकरचा सगळा दमटपणा घरातच कोंडतो, गार भिंतीवर त्याचं पाणी होतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बुरशी धरली की घरमालकाचा पहिला प्रश्न, खिडक्या उघडत होता का? भाड्याच्या करारातसुद्धा हे लिहिलेलं असतं. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, पण त्या स्वेटर घालून खिडकीत घड्याळ बघत उभ्या राहतात. वॉर्डातही पेशंटला नीट पांघरूण घालून आम्ही खिडकी उघडतो. खानापूरच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, म्हणून आपण सगळं बंद करून निगेटिव्हच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. इथली थंड हवा कोरडी असते, तिला आत घेतलं की दमटपणा बाहेर जातो. एवढंच आहे. कानटोपी घातलेली असते मी. तू मावशीला सांगितलंस की पोरगी बर्फात खिडकी उघडून झोपते, तसं अजिबात नाही. झोपताना खिडकी बंद असते.

आता अक्काचा अल्बम.

आण्णानं फोटोशॉपमध्ये इमेजच्या मेनूत जाऊन मोड ग्रेस्केल केला होता. तसं केलं की फाइलमधली रंगाची माहितीच जाते, आणि सेव्ह करून बंद केल्यावर ती परत येत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवलेली मूळ फाइल आहे ना? तीच उघडायची, आणि मोड आरजीबीच, म्हणजे रंगीतच, राहू द्यायचा. लेयर पॅनेलच्या तळाशी अर्धं काळं, अर्धं पांढरं असं गोल चिन्ह आहे. ते दाबून यादीतलं "ब्लॅक अँड व्हाइट" घ्यायचं. फोटो काळा-पांढरा दिसेल, पण खालचा रंग जागच्या जागी असतो. रंगीत फोटोवर करडं कापड अंथरलंय असं समजा. त्या लेयरशेजारी जो पांढरा चौकोन येतो तो मास्क. मास्कवर काळ्या ब्रशनं फिरलं की कापडाला भोक पडतं आणि खालचा हिरवा चुडा दिसायला लागतो. हात जास्त गेला तर पांढऱ्या ब्रशनं तेच भोक रफू करायचं. बी दाबलं की ब्रश, डी दाबलं की काळा-पांढरा, एक्स दाबलं की त्यांची अदलाबदल. चौकटी कंसांच्या दोन बटणांनी ब्रश लहान-मोठा होतो. खोडरबर घ्यायचाच नाही. एक मात्र बघायचं, ब्रश फिरवण्याआधी तो ब्लॅक अँड व्हाइटचाच लेयर निवडलेला हवा. चुकून खालचा फोटोचा लेयर निवडला गेला तर अक्काच्या हाताला खरंच डांबर फासल्यासारखं होईल.

आप्पा, तुम्ही म्हणालात की हे कॉम्प्युटरचे चाळे आहेत. पण निगेटिव्हवरून प्रिंट मोठी करताना एन्लार्जरखाली पुठ्ठ्याचा तुकडा हलवत नवरदेवाच्या चेहऱ्यावरचा उजेड तुम्हीच अडवत होता. आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर बारीक ब्रशनं शालूचा काठ तेवढा रंगवून दिलेले फोटो अजून पेटीत आहेत. गिऱ्हाईक तेव्हाही हेच मागत होतं.

लेयर वाढवल्यावर आणखी एक अडचण येते, ती तुमच्या लगेच लक्षात येईल. अक्काचा लाल शालू आणि हिरवा काठ रंगात एकमेकांपासून वेगळे दिसतात, पण करडे झाले की जवळजवळ एकच होऊन बसतात. त्यासाठी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल, पिवळा, हिरवा अशा वेगवेगळ्या सरकपट्ट्या आहेत. हिरवी थोडी उजळ केली, लाल थोडी गडद केली की काठ उठून येतो. लाल आणि पिवळी मात्र बेतानं हलवायची, माणसाच्या कातडीत तेच दोन रंग असतात. जास्त ओढल्या तर सगळ्या वऱ्हाडाच्या चेहऱ्यावर वांग आल्यासारखे डाग दिसतात.

हळदीच्या फोटोला हे करू नका. अक्काचा आग्रह आहे मला माहीत आहे, पण हळद गालावर, कानावर, हातावर सगळीकडे फिकट-फिकट पसरलेली आहे. रंग नेमका कुठं थांबवायचा? कुठंही थांबवला तरी तो कावीळ झाल्यासारखा दिसतो. एखादी लहान आणि स्पष्ट कडेची वस्तू घ्यावी. चुडा चांगला. मुंडावळ्या नकोत, केसांत अडकलेले मोती कोरत बसलात तर महाशिवरात्र येईल. आणि अख्ख्या अल्बममध्ये एक, फार तर दोन पानं. प्रत्येक पानावर केलं की जत्रेतल्या फोटोसारखं वाटतं.

आई, आता तुझी शंका. लग्नाच्या फोटोत काळं-पांढरं अशुभ असं मावशी म्हणाली म्हणून तू दोन दिवस बोलली नाहीस म्हणे. तिचं अगदीच चूक नाही. नवरा-नवरी रंगीत आणि मागे उभे असलेले सासू-सासरे करडे, असा फोटो केला तर ते हार घालून भिंतीवर लावल्यासारखेच दिसतात. गोकाकच्या पाहुण्यांना तसला फोटो दाखवायचा आणि वर त्यांनी आणलेला करदंट खायचा, हे बरं नाही. म्हणून आण्णाला सांगते, माणसं निवडायची नाहीत. सगळे चेहरे एकसारखे करडे, रंग फक्त वस्तूला. मग कुणी रुसणार नाही.

कन्यादानाचा फोटो मीच इथं करून पाठवलाय. लॅपटॉपवर फोटोशॉपसारखं गिंप आहे, ते फुकट मिळतं. त्यात मूळ लेयरची नक्कल काढून ती डिसॅच्युरेट करायची, म्हणजे तिचा रंग काढायचा, आणि तिला पांढरा मास्क जोडायचा, बाकी सगळं वरच्यासारखंच. बांगड्यांच्या मधून कातडी डोकावते, त्यामुळं फोटो तिप्पट मोठा करून एकेक बांगडी कोरावी लागली. रंगावरून आपोआप निवडायची सोयही आहे, पण तिला हिरवा सांगितलं की ती फोटोतला सगळाच हिरवा उचलते. तिनं अक्काचा चुडा उचलला आणि झारीतून पाणी सोडणाऱ्या आईच्या हातातल्या चार काचेच्या बांगड्याही उचलल्या. अक्कानं फक्त स्वतःचा चुडा म्हणून सांगितलं होतं. मी आईच्या बांगड्या तशाच रंगीत ठेवल्यात. अक्का काही म्हणाली तर माझं नाव सांगा.

तेव्हाच दिसलं की आईच्या हातात पाटल्या नाहीत. मी फोनवर विचारलं तर म्हणालीस की हल्ली हात सुजतात, जड होतात, म्हणून काढून ठेवल्या. बरं. त्याचं पुढं लिहिते.

आजीच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोचं काम यापेक्षा वेगळं आहे, आणि ते आण्णानं घाईत करू नये. आप्पा, तुम्हाला तिच्या कपाळाचं कुंकू तेवढं लाल हवंय. पण अक्काच्या फोटोत रंग खाली दडलेला असतो आणि आपण तो उघडा करतो. आजीच्या फोटोत खाली काहीच नाही, तिथं रंग भरावा लागतो. सहाशे डीपीआयला स्कॅन करा, मोड आरजीबी करा, वर एक रिकामा लेयर घ्या, त्याचा ब्लेंडिंग मोड "कलर" ठेवा आणि त्यावर लाल रंगवा. कलर मोडमध्ये खालची उजेड-सावली तशीच राहते. गंमत अशी की आजीचं कुंकू त्या फोटोत जवळजवळ काळं आहे. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. पार काळ्या जागेवर कलर मोडमधला लाल चढत नाही. आधी कुंकवापुरती जागा निवडून कर्व्हजनं थोडी उजळ करावी लागेल, मग लाल धरेल. लाल कुठला ते मात्र मी इथून कसं सांगू? ती मेण लावून वर पिंजर लावायची, टिकलीचा चकचकीत लाल तिला नको. आत्याला बोलवा, तिला आठवत असेल. मला आजी आठवते ती कुंकू नसलेलीच.

प्रिंटचं सांगायचं राहिलं. फाइल लेयरसकट पीएसडी म्हणून ठेवायची आणि लॅबला जेपेगची वेगळी प्रत द्यायची. १२ बाय १८ इंचाच्या पानाला इंचाला तीनशे पिक्सेलच्या हिशेबानं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल चालणार नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर न्या. रंगीत कागदावर करडा कधी हिरवट, कधी जांभळट येतो. आधी एक लहान प्रिंट मागवा आणि उन्हात धरून बघा. कव्हरवर अक्काचं नाव मराठीत आणि कन्नडात शेजारी-शेजारी घाला, वर-खाली नको. वर कुणाचं आणि खाली कुणाचं, यावरून आपल्या भागात काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कन्नड मजकूर गोकाकहूनच लिहून घ्या. मागच्या वेळी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या फॉन्टमध्ये गेलं आणि भलतंच काहीतरी उमटलं होतं.

आता पैशाचं. या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पाठवतेय, नाइट ड्यूटीचा भत्ता मिळालाय. आई, तू लगेच म्हणशील की जास्त ड्यूट्या करू नकोस. मी मागून घेतलेल्या नाहीत, यादीतच आल्या. (दोन मागून घेतल्या.) आप्पा, या पैशातून सोसायटीचा हप्ता भरू नका, तो पुढच्या महिन्याच्या पैशातून भरू. आधी पाटल्या सोडवून आणा. त्या माझ्या जर्मनच्या क्लाससाठी गेल्या हे मला आण्णाकडून कळलं. त्याच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं. क्लास झाला, परीक्षा झाली, नोकरी लागली, आता त्या तिथं राहायचं काही कारण नाही. अक्काच्या लग्नात त्या आईच्या हातात असायला हव्या होत्या. मीही असायला हवी होते, पण नवीन माणसाला लागोपाठ रजा देत नाहीत, हे मी किती वेळा सांगितलंय. अक्का अजून धड बोलत नाही. तिला चुड्याचा फोटो आवडला का, तेवढं कळवा.

गडहिंग्लजच्या स्थळाबद्दल. मुलगा पुण्यात आहे, शिकलेला आहे, घर चांगलं आहे, सगळं ऐकलं. मी नाही म्हटलेलं नाही. पण लग्नानंतर मी नोकरी सोडून पुण्याला येईन असं तुम्ही त्यांना सुचवलं असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करा. तो इकडे येऊ शकेल का, हे त्याच्याकडून मला थेट ऐकू दे, नंबर दिलात तर मी स्वतः बोलेन. आणि फोटो पाठवलाय म्हणे, कुठला? आण्णानं गोरा केलेला तो असेल तर परत मागवा. मी आहे तशीच पाठवा. युनिफॉर्ममधला नको म्हणत असाल तर गणपतीतला द्या, त्यात तूही शेजारी आहेस.

उन्हाळ्यात रजा मिळेल असं वाटतं. तिकीट अजून काढलेलं नाही, त्यामुळं त्यांना बघायची तारीख देऊन ठेवू नका. आणि आई, मावशीलाही सांगू नकोस.

तुमची,
धाकटी