चि. सुहास, क्लोदची कॉपी करताना

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "दुसऱ्याचं चित्र उतरवून काय शिकणार?" असं म्हणता म्हणता तू खोकलास. मी नेमकं खोकल्याचं विचारलं आणि तू चिडून फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. खोकल्याचा विषय काढणार नाही.

इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं गाजलेलं चित्र 'हे वेन' 1821 चं. त्यानंतर दोन वर्षांनी, 47 व्या वर्षी, तो लेस्टरशरला चित्रसंग्राहक सर जॉर्ज बोमाँटच्या घरी राहून सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची नक्कल करत बसला होता. शेळ्या राखणाऱ्याचं तेच लहानसं चित्र, जे तू लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहून आलास. तिथून बायकोला पत्रंही लिहायचा. असो. त्याची ती प्रत आता सिडनीला आहे.

मूळ चित्र साधारण 51 बाय 41 सेंमीचं आहे, तेव्हा पूर्ण मापातच कर. लहान केलंस की ब्रशचा फटकारा कळत नाही. चौकटी आखत बसू नकोस. दोन कर्ण आणि मधल्या दोन रेघा पुरेत. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवू नकोस. आधी बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा, पातळ हात दे, आणि तो ॲक्रिलिकचा दे. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं चालत नाही. शिवाय त्या थराला टर्पेंटाइन लागत नाही. बंद खोलीत, हीटर लावून, तुझ्या छातीला ते... बघ, आलंच.

मग डोळे किलकिले करून उजेड-सावलीच्या चारच छटा. पानं मोजायची नाहीत. आधी आकाश, मग लांबचा प्रदेश, आणि झाडांच्या कडा आकाश ओलं असतानाच त्यात मिसळायच्या. पानांच्या फटींतून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद ठेव, नाहीतर झाडाला भोकं पाडल्यासारखी दिसतात. हिरवा ट्यूबमधला नको. यलो ऑकर, आयव्हरी ब्लॅक आणि थोडा निळा यांतून काढ. पण हा काळा सावकाश वाळतो; त्याच्या जाड थरावर लवकर वाळणारा अंबर चढवलास तर तडे जातील. वरच्या थरात तेल नेहमी खालच्यापेक्षा जास्त.

सगळ्यात मोठी फसगत तपकिरी रंगाची. जुनं व्हार्निश पिवळं पडतं आणि लोक तो पिवळेपणाच उतरवतात. बोमाँटलाही चित्र जुन्या व्हायोलिनसारखं तपकिरी हवं असायचं. गवत तसं तपकिरी नसतं हे पटवायला कॉन्स्टेबलने म्हणे व्हायोलिन हिरवळीवर ठेवून दाखवलं. मोबाइलमधल्या फोटोवर तर मुळीच विसंबू नकोस.

पुन्हा वर्ग घ्यायला लागले, रागावू नकोस. तुझे ढग मला मनापासून आवडतात; ताईच्या हॉलमधलं चित्र आल्यागेल्याला मीच दाखवते.

ब्रश जवसाच्या तेलात धू, मग साबणाने. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नकोस, तो आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेव. आणि कितीही थंडी असो, खिडकी उघडी ठेव. नानांच्या खोलीतलं तुला आठवतच असेल.

क्लोदची सही उतरवायची नाही. कॅनव्हासच्या मागे 'क्लोदवरून', तुझं नाव आणि तारीख लिही. अप्पांनी पैसे पाठवलेत. त्यातून आधी श्वासाचा पंप घे, मग ब्रश.

तुझी,
आई