अण्णांची ट्रॅक पॅन्ट

सोलापूर
आषाढी झाल्यावरचा रविवार

प्रिय सुध्या,

आधी बातमी सांगतो, ख्यालीखुशाली मागनं. अण्णांनी काल ट्रॅक पॅन्ट घातली. निळी, बाजूला पांढरी पट्टी. वर नेहमीची बंडी. आरशासमोर उभं राहून मला विचारतात, "हवालदार वाटतोय का रे?"

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, बरं मग? तुला नाही तसं वाटणार. टेरिकॉटचा शर्ट घालून आलास म्हणून ज्यांनी तुला आमच्या ओसरीवरनं उठवलं होतं, "प्लास्टिक घालून माझ्या घरात बसायचं नाही" म्हणून, ते हे अण्णा.

तब्येती ठीक. माझी शुगर जिथल्या तिथं. हिचं कंबरेचं चालूच असतं. अण्णांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, तिच्यावर पुढं येतो.

तर हे सगळं तुझ्यामुळं झालंय. मागं तू फोनवर म्हणालास ना, "चार दिवस झाले, एक चड्डी वाळत नाही सावंतवाडीत"? फोन स्पीकरवर होता. अण्णा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मग तिथली माणसं कपडे वाळवतात कुठं?" जन्मभर चादरीच्या मागावर काढलेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार. मी म्हटलं, अण्णा, आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आंबोलीत सात हजारांच्या घरात. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आपली बारा वर्षं एका पावसाळ्यात." मग मी सह्याद्री ढग अडवतो, आपण पर्जन्यछायेत येतो वगैरे शाळेतलं सांगितलं. त्यावर म्हणाले, "म्हणजे आपल्या वाटणीचं तिथंच काढून घेतात. बघून यायला पाहिजे." मला वाटलं विसरतील. कसले विसरतात! एकादशी झाली की निघायचं म्हणून बसले.

आता माझी पंचाईत ऐक. त्यांनी ट्रंक भरली: चार धोतरं, बंड्या, दोन जाडजूड टर्किश टॉवेल आणि वर एक डबल बेडची चादर. सगळं सुती, सगळं सोलापुरी. आंबोलीच्या पावसात यातलं एकसुद्धा कामाचं नाही. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटून बसतं, तिथल्या हवेत वाळत नाही आणि वर वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं. पारा वीसच्या आसपास असला तरी म्हातारा माणूस कुडकुडतो. हे त्यांना सांगायचं म्हणजे भटजीला मंत्र शिकवायचे. शेवटी त्यांचंच त्यांना ऐकवलं. म्हटलं, अण्णा, टॉवेलला दोऱ्याच्या कड्या कशाला सोडतात? "पाणी प्यायला." आणि प्यालेलं पाणी किती वेळ धरून ठेवतो? बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तर एक टॉवेल ट्रंकेतनं बाहेर आणि त्याच्या जागी पंचा. पंचा सुतीच, पण पातळ. पिळून झटकला की निदान अंग पुसण्याइतका होतो. मी पण ताणलं नाही.

नवी पेठेत रेनकोट घ्यायला गेलो तो प्रसंग तू बघायला हवा होतास. दुकानदार चकचकीत रेनकोट दाखवतोय, किंमत पण चांगलीच. अण्णांनी कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, मग बाही उलटी केली आणि शिवणीवरनं नख फिरवलं. "पट्टी कुठाय?" दुकानदार म्हणतो, कसली पट्टी काका? "सुई जिथनं गेली तिथं भोक पडलं. आतनं पट्टी चिकटवली नाही तर इथनंच पाणी येणार." दोन दुकानं फिरून, आतनं पट्टी मारलेला शर्ट-पॅन्टचा जोड त्यांनी स्वतः निवडला. प्लास्टिकच. मी काही बोललो नाही, तू पण बोलू नकोस.

पॅन्ट घेतली खरी, पण ती धोतरावर चढेना. घरात दोन माणसं धरून प्रयत्न केला. हसून हसून हिचा जीव गेला. म्हणून ट्रॅक पॅन्ट. "दोन दिवसांचं वनवासाचं वस्त्र," म्हणाले. मधेच म्हणे रेनकोट कशाला, वारकरी प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन पंढरपूर गाठतात की. बरोबर आहे, पण आंबोलीच्या कावळेसाद पॉइंटला वारा दरीतनं वर येतो, धबधब्याचं पाणी उलटं अंगावर येतं. कागद उडून पार गोव्याला जाईल. छत्रीचं तर नावच नको.

गरम कपड्यांचं मात्र भांडण झालं नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते हे त्यांना घोंगड्यावरनं माहीत आहे. "सांगोल्याचा धनगर काय येडा म्हणून घोंगडं घेतो?" बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर निघाला. चादर पण येतेय, पण माझ्या अटीवर: दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, खोलीबाहेर काढायची नाही. रात्रीचा एक कोरडा जोड वेगळा, त्याला दिवसा कुणी हात लावायचा नाही.

बॅगेत आतनं युरियाच्या पोत्याची प्लास्टिकची पिशवी लावलीय. बाहेरनं कव्हर घातलं तरी पाठीकडनं पाणी झिरपतंच. हे आपण महाबळेश्वरला शिकलो, आणि एसटीच्या टपावर ताडपत्रीची गाठ तू मारली होतीस, मी नाही. तुझी ती तीन किलोची जीन्स तर कॉलेज सुरू झालं तरी ओलीच होती. वास अजून आठवतो.

आता खरी काळजी. जळवा. एरवी जळू चावली तर काय, मीठ टाकलं की सुटते, ओढायची नाही, एवढं ठाऊक असलं की झालं. पण ती चावताना रक्त गोठू न देणारं काहीतरी सोडते, आणि इथं अण्णांची गोळी पण तेच काम करते. डॉक्टर म्हणाले जा, पण पाय झाका, आणि गोळी मनानं बंद करू नका. म्हणून लांब मोजे, त्यांत ट्रॅक पॅन्ट खोचायची, मिठाची पुरचुंडी खिशात. अण्णांना नुसतं निमित्त मिळालं: "जळूला तंबाखू चालते म्हणतात. एक पुडी घ्या बरोबर." सोडून किती वर्षं झाली, तरी बघ.

दुसरं म्हणजे घसरणं. चामड्याची चप्पल घरी ठेवायला लावली. मागं पट्टा असलेले, खालनं खाचा असलेले रबरी सँडल घेतलेत. पण शेवाळ धरलेल्या पायरीवर सँडल तरी किती धरणार? कुठं पाय सटकला आणि मार बसला तर, म्हणून झोप येत नाही. नको म्हणावं तर माणूस पहिल्यांदा स्वतःहून कुठंतरी जायचं म्हणतोय. आईच्या मागं मंदिर आणि घर, एवढंच चालू होतं.

खाण्याचं वेगळंच. ही कडक भाकऱ्या देतेय. मी म्हटलं तिथल्या हवेत तासाभरात सादळून चामडं होईल, ती म्हणते घट्ट झाकणाचा डबा आहे. शेंगाचटणी तुझ्यासाठी वेगळी बांधलीय, वहिनींना सांग.

सायलीच्या ॲडमिशनचं काय झालं? बदलीचं कळलं, वाईट वाटलं, भेटलो की बोलू. वहिनींचा गुडघा?

सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा असं येणार, गाडी ठरवलीय. त्याआधी एक काम कर. रविवारी आंबोलीत जाऊन ये, तासाभराचा तर रस्ता. हिरण्यकेशीच्या देवळाची वाट कितपत शेवाळलीय, कावळेसादला कठडा कुठंपर्यंत आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. खोली तळमजल्याची बघ, आणि शनिवार-रविवार टाळून. धबधब्यावर तेव्हा कसली गर्दी असते तुला माहीतच आहे. आणि तुमच्या घरी चुलीवर कपडे वाळत घालायची ती दोरी अजून असेल तर काढू नका. अण्णांना तीच बघायचीय.

कळवायचं ते लिहूनच कळव. फोन अजून स्पीकरवरच असतो.

तुझा,
रव्या